बूट नावाचा कप्पा

माझ्या आईनं मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता बूट पुसले आणि माझ्या वडिलांची बोलती बंद झाली.

हे वाक्य मी कंपनीच्या तक्रारपानावर जसंच्या तसं लिहिलं होतं. लगेच उत्तर आलं, की कृपया तक्रार स्पष्ट शब्दांत लिहावी. याहून स्पष्ट कसं लिहायचं ते मला अजून कळलेलं नाही, पण इथं जागा आहे, तर सविस्तर सांगते.

आमचं गडहिंग्लजला चपलांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. वडिलांना, म्हणजे धोंडीराम सातपुतेंना, आम्ही आण्णा म्हणतो. चाळीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकाचा पाय स्वतःच्या हातात घेऊन त्याला चप्पल घातली. नंबर कधी विचारला नाही. पाच वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवा हात जड झाला, पाय ओढत चालू लागले, आणि शब्द गेले. सगळे नाहीत, एक उरला. तो म्हणजे ‘तेच’. चहा हवा असला तरी तेच, पंखा बंद करायचा असला तरी तेच, आणि राग आला तर मोठ्यानं तेच. आई सुरावरून ओळखायची. मी बहुतेक वेळा चुकीची वस्तू आणून द्यायचे.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. काय म्हणायचंय हे मेंदूत एका जागी ठरतं आणि त्यासाठी शब्द दुसऱ्या जागी मिळतात. आण्णांची पहिली जागा शाबूत होती, दुसरी मेली होती. लिहिणंही त्याच दुसऱ्या जागेवर अवलंबून, त्यामुळे पाटी-पेन्सिलीचा उपयोग नव्हता. मग कवटीखाली, मेंदूच्या त्या शाबूत भागावर, टपालाच्या तिकिटाएवढी एक पातळ जाळी बसवली. ती तिथली हालचाल टिपते आणि बिनतारी पाठवते एका पेटीकडे. पेटी त्या हालचालीवरून शब्द ओळखते आणि आण्णांच्या खिशातल्या छोट्या स्पीकरमधून बोलते.

पण पेटीला ते आधी शिकवावं लागतं. दोन माणसांच्या डोक्यात ‘चप्पल’ एकाच जागी नसते, त्यामुळे एकाची शिकलेली पेटी दुसऱ्याला चालत नाही. चौदा महिने रोज दोन तास आई आण्णांच्या हातात एकेक वस्तू द्यायची, आण्णा मनात तिचं नाव घ्यायचे, पेटी अंदाज करायची आणि आण्णा मान हलवायचे. कंपनीनं पेटीत अगदी शुद्ध मराठी भरून पाठवलं होतं. आईनं चौदा महिन्यांत ते मोडून काढलं. पेटी ‘नाही’चं ‘न्हाई’ म्हणायला लागली तेव्हा आण्णा झटका आल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसले.

आता माझ्याकडे वळते, कारण खरी गुन्हेगार मी आहे. मी सारिका सातपुते. इथल्या तंत्रनिकेतनात संगणकाची प्रयोगशाळा सांभाळते आणि फावल्या वेळात लिनक्स या संगणक चालवणाऱ्या यंत्रणेचं मराठी भाषांतर करते. आमचा एक स्वयंसेवकांचा गट आहे. वाद घालायला माणसं भरपूर, काम करायला पाच. आण्णांची पेटी लिनक्सवर चालते म्हटल्यावर मला कोण आनंद झाला. आईला सगळं हाताळता यावं म्हणून मी पेटीचे सगळे मेनू मराठीत केले, आणि वर तिला सगळे अधिकारही देऊन टाकले.

डिस्कचे चार कप्पे होते. एकात मूळ यंत्रणा आणि आण्णांचं सगळं शिक्षण, त्याचं नाव ‘मूळ’. दुसरा ‘घर’, घरचे फोटो वगैरे. तिसरा मीच केलेला, दुकानातल्या नमुन्यांच्या चित्रांचा, ‘चपला’. आणि चौथा, सगळ्यांत छोटा, यंत्र चालू होताना लागतो तो ‘बूट’. या चौथ्या नावावरून आमच्या गटात तीन आठवडे भांडण झालं होतं. नाशिकचे एक निवृत्त प्राध्यापक म्हणत होते, ‘आरंभ’ ठेवा. मी त्यांना लिहिलं, की सर, आरंभ सत्यनारायणाच्या पत्रिकेवर शोभतो, लोक बूटच म्हणतात. मतदान झालं आणि मी जिंकले. आठवडाभर मी त्या विजयात होते.

त्या मंगळवारी आईचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. आई एवढंच म्हणाली, “सारिके, हे गप झालेत. पेटी काळी पडलीया.” मी दहा मिनिटांत घरी पोचले.

आण्णा खुर्चीत बसले होते, काठी दोन्ही हातांत धरून. मला बघून म्हणाले, “तेच.” तीन वर्षांत त्यांच्या तोंडून मी तो शब्द ऐकला नव्हता. 

“आई, नेमकं काय केलंस?”

“काय म्हंजे? जागा संपली म्हनून सूचना आली. नको असलेलं काढा म्हनली. मग बघितलो. चार नावं हुती. मूळ. आता मूळ कसं काढायचं? घर तर न्हाईच काढायचं. चपला म्हंजे धंदा. ऱ्हायलं बूट. बूट ठेवायचं आपन बंद केलो त्याला तीन वर्सं झाली. काढून टाकलो.”

आमच्याकडं बायकाही ‘आलो’, ‘गेलो’ म्हणतात, त्यामुळे गोंधळू नये. बोलणारी आईच.

“अगं, यंत्रानं विचारलं नाही का, नक्की का म्हणून?”

“इचारलं की. तीनदा इचारलं. तिन्ही डाव हो म्हनलो.”

ते तीनदा विचारणंही माझंच. ‘बूट कायमचे काढायचे?’ असा मजकूर मीच लिहिला होता. चप्पल विकणाऱ्या बाईनं त्यावर आणखी काय उत्तर द्यावं? मग ‘बदल लागू होण्यासाठी यंत्र पुन्हा सुरू करा’ अशी माझीच सूचना आली आणि आज्ञाधारक बाईनं तेही केलं. काळ्या पडद्यावर आता एकच ओळ होती, इंग्रजीत, की असं कुठलंही उपकरण सापडत नाही. तिथवर माझं मराठी पोचलेलं नव्हतं.

बूट गेलं म्हणजे काय गेलं? यंत्राला वीज मिळाली की त्याच्या अंगचा एक अगदी छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला फारसं काही येत नाही. तो फक्त बूट कप्पा शोधतो, त्यातून यंत्रणेचा गाभा उचलतो, आणि मग तो गाभा मूळ कप्पा उघडून बाकी सगळं सुरू करतो. बूट नसेल तर आतला सगळा ऐवज शाबूत असूनही यंत्र जागच्या जागी थिजतं. यात घाबरण्यासारखं एरवी काही नसतं. पेनड्राइव्हवरून दुसरी यंत्रणा चालू करायची, मूळ कप्पा उघडायचा, बूटसाठी नवा कप्पा करून गाभा पुन्हा बसवायचा, कप्प्यांच्या यादीत नव्या कप्प्याचा क्रमांक लिहायचा. प्रयोगशाळेत मी हे महिन्यातून एकदा करते.

मी पेनड्राइव्ह लावला. कप्प्यांची यादी पाहिली. सुरुवातीला एक जीबीची मोकळी जागा, पुढे मूळ, घर आणि चपला जिथल्या तिथं. पुसलेलं परत मिळतंय का तेही बघितलं, पण हल्लीच्या डिस्क जागा मोकळी झाली की ती खरोखरच धुऊन टाकतात. हरकत नव्हती. मी मूळ उघडायला गेले आणि यंत्रानं विचारलं: ‘रुग्णाचं वाक्य?’

मूळ कप्पा कुलपात असतो, कारण त्यात माणसाच्या डोक्यातलं असतं, बोललेलं आणि न बोललेलंही. रोज उघडायला त्याची किल्ली एका फाइलमध्ये असते, आणि कंपनीनं ती फाइल ठेवली होती बूट कप्प्यात. दुसरी किल्ली म्हणजे रुग्णानं स्वतः ठरवलेलं एक वाक्य. ते घरच्यांनाही सांगायचं नाही असा नियम. शिक्षण संपलं त्या दिवशी आम्हाला खोलीबाहेर घालवून आण्णांनी ते मनात म्हटलं होतं आणि पेटीनं लिहून घेतलं होतं. आठ चुकीची वाक्यं दिली की कुलूप कायमचं बंद.

मी कंपनीत फोन लावला. इंजिनियरचं आडनाव शहाणे होतं.

“सोपं आहे मॅडम,” शहाणे म्हणाले. “वाक्य त्यांनाच विचारा.”

“साहेब, त्यांना विचारायचं यंत्रच बंद पडलंय.”

पलीकडून कागदपत्रं चाळल्याचा आवाज आला. “मग आपण नव्यानं बसवू. माझी ड्युटी चारला संपते, त्याच्या आधी मी इथून सगळं पुसून पेटी कोरी करतो. पुन्हा शिकवावी लागेल.”

“पहिल्यांदा चौदा महिने लागले होते.”

“हो. आता मात्र खात्री देता येणार नाही. जाळीचे हालचाल टिपणारे चाळीस टक्के बिंदू मृत झालेत. जुनं शिक्षण त्यांच्याशिवाय जुळवून घेतंय, पण कोरी पेटी एवढ्यावर शिकेल असं मला वाटत नाही.”

फोन स्पीकरवर होता. आण्णांना बोलता येत नाही, ऐकू उत्तम येतं. त्यांनी काठी जमिनीवर आपटली. “तेच! तेच!” याचा अर्थ मलासुद्धा कळला.

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. “माझ्यामुळं झालं न्हवं हे?” तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. आण्णांनीही मान हलवली, पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती.

त्याआधीच घाईघाईत मी दोन वाक्यं वाया घालवली होती, एक आईच्या नावाचं आणि एक दुकानाच्या पाटीवरचं. आता शहाणपण सुचलं. मान हलवून हो-नाही सांगता येत होतं, तर विचारत जायचं.

“आण्णा, दुकानातलं काही आहे?” मान होय म्हणाली.

“गिऱ्हाइकाला म्हणायचा तसलं?” होय आणि नाही यांच्या मधलं काहीतरी.

“त्यात कुणाचं नाव आहे? माझं?” आधी आडवी, मग उभी, मग पुन्हा आडवी. आम्ही ते नाही असं धरलं.

आई एकदम म्हणाली, “चावली तर!” आणि आण्णांनी एवढ्या जोरात मान हलवली की चष्मा घसरला.

नवी चप्पल चावते. आण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला जाताना सांगायचे, की चावली तर परत आणा, तिचे दात पाडून देतो. पंचक्रोशीत माहीत असलेलं वाक्य. पण तंतोतंत कसं? मला वाटत होतं, ‘चावली तर परत आणा’. आईला वाटत होतं, ‘चावली तर घेऊन या’. मी शहाण्यांना विचारलं. ते म्हणाले, स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा यंत्र धरत नाही, अक्षरं मात्र नेमकी हवीत. मी एकामागून एक चार वाक्यं दिली. चारही चुकली. सहा गेली, दोन उरली. घड्याळात पावणेतीन झाले होते.

“आण्णा, एकदा म्हणा ना. नुसतं एकदा,” मी म्हटलं.

त्यांनी तोंड उघडलं. कपाळावरची शीर फुगली. “ते... तेच.” डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, आणि मला स्वतःचाच राग आला.

आणि त्याच रागात मला खानोलकर बाई आठवल्या. झटक्यानंतर पहिले चार महिने त्या आण्णांना बोलायला शिकवायला येत. त्या म्हणत, विचार करून काढायचे शब्द एका वाटेनं येतात आणि हजारदा म्हणून घट्ट झालेले दुसऱ्याच वाटेनं. ती दुसरी वाट बऱ्याचदा वाचलेली असते. म्हणून जे ‘पाणी’ म्हणू शकत नाहीत ते आकडे घडाघडा मोजतात, आरती म्हणतात, शिवी तर सणसणीत देतात. खुद्द आण्णांनी दवाखान्यात एका वॉर्डबॉयला अशी एक दिली होती की बाईंनी टाळी वाजवली होती. त्या वाटेवर रोज थोडं चाला, असं त्या बजावून गेल्या. मग पेटी आली. पेटी बरं बोलत होती. आम्ही बाईंना यायला नको म्हणून कळवलं, आणि त्यानंतर तीन वर्षांत आण्णांच्या तोंडाला कुणी काही विचारलंच नाही. पेटीला विचारलं.

ते वाक्य मागून येणार नव्हतं. ते आपसूक यायला हवं होतं.

“आई, आण्णांना खाली दुकानात नेऊ.”

जिना उतरायला दहा मिनिटं लागली. दुकानात त्यांचं बसकं स्टूल अजून तिथंच होतं. झटक्यापासून ते गल्ल्यामागं खुर्चीत बसत, स्टुलावर कुणी बसत नसे. आम्ही त्यांना त्यावर बसवलं. मी समोर गिऱ्हाइकाच्या बाकावर बसले आणि सँडल काढून उजवा पाय पुढं केला. आईनं फळीवरून एक जोड काढून त्यांच्या मांडीवर ठेवला, कातड्याचा, नवाकोरा, कडक.

आण्णांनी आधी माझ्याकडं बघितलं. मग पायाकडं. डाव्या हातानं त्यांनी माझी टाच धरली आणि स्वतःच्या गुडघ्यावर ठेवली. तळव्यावरून अंगठा फिरवला. चप्पल सरकवली, जड उजव्या हाताच्या दोन बोटांनी अंगठ्याचा पट्टा ताणला, चपलेचा कान, म्हणजे बाजूची पट्टी, ओढून बघितला. त्यांना माझी आठवणच उरली नव्हती जणू, हातात नुसता पाय होता. मग त्यांनी चपलेच्या तळाला थाप मारली आणि म्हणाले,

“चावली तर मला सांग ठके, तिचं दात पाडतो.”

आवाज त्यांचा होता. घोगरा, थोडा लडखडता, पण त्यांचा. पाच वर्षांनी.

ठकी म्हणजे मी. लहानपणी मला सगळे ठकीच म्हणत. पाचवीत मी रडून गोंधळ घालून ते नाव बंद पाडलं होतं. गिऱ्हाइकाला म्हणायचं वाक्य ते नव्हतंच. दर जूनमध्ये शाळेची नवी चप्पल घालताना ते मला म्हणायचे ते वाक्य होतं. म्हणून मान आडवी, मग उभी, मग आडवी. मी तिथंच रडायला लागले, आणि आण्णा आपण काय बोललो ते कळून थक्क होऊन आपल्याच तोंडाला हात लावून बघत राहिले.

आई मात्र भानावर होती. “चार वाजायला आलेत. वर जा आधी.”

मी एका पायात नवी चप्पल आणि दुसरा अनवाणी अशी धावत वर गेले. वाक्य लिहिलं. चूक. सात गेली.

म्हणजे हेही ते वाक्य नव्हतं? आई मागून धापा टाकत आली आणि पडद्यावर वाकून एकेक अक्षर वाचू लागली.

“हे काय लिहिलीस? ‘तिचे दात’?”

“मग?”

“तिचे कुठं म्हनले ते? ‘तिचं’ म्हनले. ‘तिचं दात पाडतो.’ पेटीला मी शिकवलोय. ती तेच लिवनार.”

मी पंधरा वर्षं लोकांची मराठी दुरुस्त करत आले. हात आपोआप शुद्ध लिहून गेले होते. तरीही शेवटचं वाक्य द्यायचा धीर होईना. चुकलं तर संपलं. फोनवर शहाणे म्हणत होते, “मॅडम, मी कोरी करायला घेऊ का?”

“थांबा जरा,” आईनं त्यांना दटावलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, “लिही. चुकलं तर माझ्यावर घाल. सकाळधरनं सगळं माझ्यावरच हाय.”

मी ‘तिचं’ लिहिलं आणि कळ दाबली. कुलूप उघडलं.

पुढचं नेहमीचंच. मोकळ्या जागेत नवा कप्पा केला, गाभा बसवला, यादीत क्रमांक बदलला, किल्ली नव्यानं करून दिली. पाऊण तास लागला. त्या कप्प्याला नाव काय द्यायचं हा प्रश्न पुन्हा आला. नाशिकच्या सरांना त्या संध्याकाळी मी माफीचं पत्र लिहिलं आणि आता आमच्या गटात ‘आरंभ’ चालू झालंय. आमच्या पेटीत मात्र त्या कप्प्याचं नाव आहे ‘चावतं, हात लावू नको’.

यंत्र चालू केलं. आण्णांच्या खिशातला स्पीकर खरखरला.

“मालन,” पेटी आईला म्हणाली, “बूट काढलीस ते बरं केलीस. खपतच न्हवतं.”

आई तोंडाला पदर लावून हसली आणि मग तिथंच भिंतीला टेकून रडली. दिवसभर तिनं ते धरून ठेवलं होतं.

“आणि ठके, तुझा पाय एका नंबरनं वाढलाय. सहाच्या सँडला घालू नको.”

पेटीनं मला तीन वर्षांत कधी ठकी म्हटलं नव्हतं. मी विचारलं, का म्हटलं नाहीत? पेटी म्हणाली, “तुलाच आवडत न्हवतं.”

शहाणे अजून फोनवर होते. भला माणूस, चार वाजून गेले तरी थांबला होता. ते म्हणाले, “अभिनंदन. आता नियमाप्रमाणे वाक्य बदलावं लागेल. जुनं घरच्यांना कळलंय. तुम्ही बाहेर जा, ते नवीन ठरवतील.”

पडद्यावर चौकोन आला: ‘रुग्णाचं नवं वाक्य?’ मी आणि आई उठून दाराकडं निघालो. मागून काठी आपटली. वळून बघितलं तर आण्णांनी खिशातून स्पीकर काढून टेबलावर उपडा ठेवला होता आणि नको नको म्हणून हात हलवत होते. त्यांनी माझ्या पायाकडं बोट दाखवलं, जिथं एकाच पायात ती कडक चप्पल अजून होती, आणि स्वतःच्या तोंडानं म्हणाले,

“तेच.”

नियमाला तर नवं वाक्य हवं होतं. आईनं मला कोपरानं ढोसलं.

“काय म्हनले ऐकलीस न्हवं? लिही की मग.”